पाच सुताचा नट

रविवारी भाऊ आणि वहिनी कुठल्याशा बारशाला गेले आणि भाच्याला माझ्याकडे सोडून गेले. वय चौदा, उंची पावणेसहा फूट, आवाज फुटतोय. बारशाला त्याचं काही काम नव्हतं. जेवणं झाल्यावर मी नेहमीप्रमाणे पाठ टेकली होती, डोळा लागणारच होता, तेवढ्यात हा हातात जाडजूड इंग्रजी कॉमिक घेऊन दारात उभा. चेहरा असा, की जणू दुकानदाराने उरलेले पैसे कमी दिले आहेत.

“आत्या, फसवणूक आहे ही. काका ते वाक्य म्हणतच नाही!”

कुठला काका? तर बेनकाका. स्पायडरमॅनचा. इंग्रजीत त्याला नुसतं अंकल म्हणून भागतं, पण तो पीटरच्या वडिलांचा भाऊ, म्हणजे आपल्या हिशेबाने चोख काका. आणि ते वाक्य म्हणजे ताकद मोठी तर जबाबदारीही मोठी, या अर्थाचं. ते न ऐकलेला माणूस आता ठाण्यात तरी उरला नसेल. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ते सूर्योदयाच्या चित्राखाली येऊन गेलंय, तेही पार्किंगच्या भांडणात.

झोप गेलीच होती. मी म्हटलं, आण इकडे.

ऑगस्ट १९६२ची गोष्ट. ‘अमेझिंग फँटसी’ नावाच्या मासिकाच्या पंधराव्या अंकातली, आणि तो त्या मासिकाचा शेवटचाच अंक. जेमतेम अकरा पानं. आमच्या गॅसच्या पुस्तकात याहून जास्त असतील. काका सकाळी पोराला उठवतो, काकू खायला घालते. पुढे दोघं मिळून त्याला सूक्ष्मदर्शक आणून देतात, त्याला केव्हापासून हवं असलेलं. मध्येच एक चोर पळत येतो, पोलीस मागून ओरडतोय, पीटरने नुसता पाय आडवा घातला असता तरी पुरे होतं. पण तो घालत नाही. लिफ्टचं दार बंद होतं, चोर गेला. मग एका रात्री घरी येतो तर दारात पोलीस, आणि काका गेलेला. मरतोसुद्धा चौकटीबाहेर, आपल्याला दिसत नाही. आणि ते जगप्रसिद्ध वाक्य शेवटच्या चौकटीत, निवेदनाच्या पट्टीत. पीटर पाठमोरा अंधारात निघालाय आणि लेखक वरून बोलतोय. काकाच्या तोंडच्या फुग्यात ते नाहीच. काकाच्या तोंडी ते नंतरच्या लोकांनी घातलं.

“बघितलंस?” भाचा म्हणाला, आणि फोनवर काहीतरी बघायला निघून गेला. त्याच्या दृष्टीने खटला संपला होता.

माझं मात्र बोट त्या पानावरच राहिलं. उजव्या हाताचं मधलं बोट.

आमच्या लहानपणी स्पायडरमॅन कुणाला माहीत होता! आमचा वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम. गोखले रोडच्या आतल्या गल्लीत एक वाचनालय होतं, म्हणजे जिन्याखालची खोलीच. तिथे दोरीवर वाळत घातल्यासारखी इंद्रजाल कॉमिक्स लटकत. ती मालिका १९६४मध्ये सुरू झाली आणि १९९०मध्ये बंद पडली, म्हणजे माझं वाचायला लागणं आणि लग्न, दोन्ही तिने बघितलं. वेताळाच्या प्रेमात पडायला कारण लागत नसे. पण मला एक खोड होती, अजून आहे. मारामारीची पानं मी भराभर उलटायची आणि घरी कोण थांबलंय ते बघायची. त्याच्या प्रेयसीचं, डायनाचं पत्र पोचलं का? त्याचा जंगलातला मित्र गुर्रन जेवला का? नायक समुद्रावर चाच्यांना बडवत असताना घरी त्याच्यासाठी काढून ठेवलेल्या जेवणाचं काय होतं, हे कुठल्याही कॉमिकने मला आजवर सांगितलेलं नाही.

त्यात वेताळाचं घराणं तर आमच्यासारखंच. पहिल्याने बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली, ती एकवीस पिढ्या चाललीय. मुलाला शिकायला दूर पाठवायचं, त्याचं तिकडे बरं चालू असतं, आणि बाप मरणाला टेकला की सगळं सोडून गुहेत परत यायचं. तोच पोशाख, तीच खुर्ची. आमच्या चाळीत हे सगळ्यांना कळे. अनुकंपा तत्त्वावरची नोकरी म्हणतात ती हीच.

आणि अंगठ्या. उजव्या हातात कवटीची, ठोसा बसला की गुंडाच्या हनुवटीवर जन्माची खूण. डाव्या हातातली चांगली. तिची खूण ज्याला मिळाली त्याच्या वाटेला कुणी जायचं नाही.

मला अंगठी हवी होती. आठ वर्षांची होते, साल १९८०. बापूकाका वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टर्नर. त्याच्या खाकी पँटच्या खिशांत नेहमी काहीतरी जड असायचं, धुवायच्या आधी आई ते खिसे उलटे करून झटकायची. त्यातूनच निघालेला पाच सुताचा नट मी पळवला. रविवारच्या दुपारी, आरशासमोर, मधल्या बोटात घातला. गेला की मस्त! खिडकीच्या गजाला दोन ठोसे मारले. मग निघेना.

हे सगळं नेमकं त्या रविवारी, ज्या रविवारी बापूकाकाला डोंबिवलीला मुलगी बघायला जायचं होतं. आई-बाबा सकाळीच धाकट्याला घेऊन पुढे गेले होते, बाबांच्या मावशीकडे जेवून परस्पर मुलीच्या घरी पोचणार होते. काकाने मला घेऊन दुपारच्या लोकलने यायचं. त्याने दाढी केली होती. इस्त्रीचा बुशशर्ट हँगरवर होता. मी मागे हात लपवून अर्धा तास काढला, आणि मग बोट जांभळं झाल्यावर भोकाड पसरलं.

त्याने आधी साबण लावला. मग खोबरेल. मग दोरा गुंडाळायची ती युक्ती असते ना, बोटाला घट्ट दोरा गुंडाळत न्यायचा आणि दुसऱ्या टोकाने उलगडत नट सरकवायचा, तीही करून बघितली. पण नटाला आतून आटे, ते कातडी सोडायला तयार नाहीत. काकाने एकदा घड्याळाकडे बघितलं. एकदाच, हे मला पक्कं आठवतं. मग मला सायकलच्या दांडीवर बसवलं, हात वर धरायला लावला, आणि तीन हात नाक्यावरून थेट कारखान्यात. अख्ख्या रस्त्याने मी परवानगी मागणाऱ्या पोरीसारखी हात वर करून गेले.

कारखाना बंद होता. वॉचमनने ओळखीवर फाटक उघडलं. बंद कारखाना मी तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचा बघितला. लेथ गोणपाटं पांघरून झोपल्यासारखी, तेलाचा आणि लोखंडाचा वास, आणि इतकी शांतता की पत्र्यावर चालणारं कबूतर ऐकू यायचं. काकाने नट व्हाइसमध्ये अलगद धरला, माझा हात नव्हे, फक्त नट, आणि आधी एक्सा ब्लेड, मग कानस. चार घासे मारायचे, थांबायचं, मगातलं पाणी ओतायचं, कारण लोखंड तापतं. परत चार घासे. मी मोजत होते, तीनशेच्या पुढे चुकले. तो काही बोलत नव्हता. मध्ये फक्त एकदा, “वेताळ रडतो का?” एवढं म्हणाला. शेवटची पाती कापली जाताना कानस निसटली आणि बोटाला जरा लागलं. त्याची बारीक पांढरी रेघ अजून आहे. पेरावर, आडवी.

घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. फोन आमच्या घरातच काय, मजल्यावरही नव्हता. तिकडे डोंबिवलीत आई-बाबा नवरा मुलगा नसलेल्या बघण्याच्या कार्यक्रमाला दोन तास बसून होते. पोहे झाले, चहा झाला, मुलगी आत गेली, परत आली, परत आत गेली.

काकाचं लग्न झालं नाही. ना त्या वर्षी, ना पुढे.

बारा वर्षांपूर्वी तो गेला तेव्हा तेराव्याला दूरच्या एका नातेवाइकांनी उभं राहून सांगितलं, की बापू म्हणायचा, ‘आधी दादाची पोरं, मग माझं.’ सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. ते वाक्य आमच्या घरात तोवर शंभर वेळा वापरून झालं होतं. माझ्या लग्नात, भावाच्या नोकरीच्या पेढ्यांवर, कुणी पोर अभ्यास करेनासं झालं की त्याच्या डोक्यावर आपटायला. पण रविवारी ते पान समोर धरून मी आठवायला बसले, की काकाच्या आवाजात ते ऐकल्याचं आपल्याला आठवतं का? नाही आठवत. काकाच्या आवाजात मला आठवतं ते “पंखा बंद करा”, “ह्या पोरीचं पेन्सिलीला टोक काढून द्या”, आणि “वेताळ रडतो का?”

आई आतल्या खोलीत जागीच होती. ऐंशी पूर्ण झालीत, दुपारी झोपत नाही, झोपल्यासारखी पडून सगळं ऐकते. तिला विचारलं.

“असं कुठे म्हणाला तो?” आई म्हणाली. “त्याला बोलायला कुठे यायचं! संप झाला तेव्हासुद्धा काही बोलला नाही.”

गिरण्यांचा संप. १८ जानेवारी १९८२. बाबा परळच्या गिरणीत होते. अडीच लाखांच्या आसपास माणसं घरी बसली, त्यातले एक आमचे. गिरणी त्यांच्यापुरती परत उघडलीच नाही. त्या महिन्यापासून काकाने पगाराचं पाकीट न फोडता फडताळात आईच्या डब्याखाली ठेवायला सुरुवात केली. “मी म्हटलं, भाऊजी, हे काय. तर म्हणाला, खिचडीला तूप घाला जरा.” आई थोडी हसली. “तेवढंच.”

मग मी तिला ते विचारलं, जे इतकी वर्षं अधूनमधून विचारत आलेय. त्या डोंबिवलीच्या मुलीचं. मी नट घातला नसता तर?

“काही नाही गं. पत्रिकाच जुळत नव्हती. नाहीतरी मोडणारच होतं. तू उगाच स्वतःला मोठं करू नकोस.”

हे तिने इतक्या सहज म्हटलं, की मी हसले आणि उठून चहा ठेवायला गेले. खरंच की. एका भावाच्या पगारावर दुसऱ्या भावाचं चार जणांचं घर चालतंय, अशा माणसाला मुलगी कोण देणार होतं? संपाएवढी गोष्ट समोर उभी असताना मी चाळीस-पंचेचाळीस वर्षं एक नट बोटात घालून बसलेय. पश्चात्तापातही मुख्य भूमिका मलाच पाहिजे. पीटरचं तरी काय वेगळं, असंही मनात आलं, पण ते भाच्याला सांगण्यात अर्थ नव्हता. तो वाद घालत बसला असता.

आधण आलं, चहापत्ती टाकली आणि तेव्हा लक्षात आलं.

मागे एकदा, माझ्या पोराच्या मुंजीच्या सुमारास, मी हेच विचारलं होतं, तेव्हा आई म्हणाली होती, मुलगी जरा जास्तच उंच होती, बापूलाच पसंत नव्हती. न बघता? हे तेव्हा मला सुचलं नाही. आणि काका गेल्यावर विचारलं तेव्हा म्हणाली होती, त्यांच्याकडूनच दुसरीकडे बोलणं चाललं होतं. आता पत्रिका. ज्या बाईने त्या घरात दोन तास दाराकडे बघत काढले, तिच्याकडे तीन कारणं आहेत. नट एकातही नाही.

चहा गाळला. भाच्याने विचारलं, बिस्किटं आहेत का. आईचा कप तिच्या हातात दिला तर तिने कपाऐवजी आधी माझं बोट धरलं, अंगठ्याने पेरावरून एकदा पुसल्यासारखं केलं, आणि म्हणाली, “साखर कमी घातलीस ना?”