तुम्ही विचारलंत म्हणून: एवढा व्यायाम करून पाठ दुखतेच कशी?

हा प्रश्न मला काळजीपोटी विचारला जातो, हे मी जाणते. परंतु दुखणारी पाठ म्हणजे कमकुवत पाठ आणि कमकुवत पाठ म्हणजे आळस, हे त्यात धरून चाललेले गणित मला मान्य नाही.

कण्यालगतचा मल्टिफिडस हा खोलवरचा स्नायू कंबरदुखीत अनेकदा बारीक होतो आणि त्यात चरबी साठते. मात्र १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी एका बाजूने नुकतीच कंबर धरलेल्या रुग्णांची सोनोग्राफी केली, तेव्हा स्नायू प्रामुख्याने दुखऱ्या बाजूला आणि एकाच मणक्याच्या पातळीवर लहान झालेला आढळला. आळसाने झिजला असता, तर दोन्ही बाजूंनी झिजला असता. १९९६ मध्ये असेही दिसले की दुखणे थांबले तरी तो आपोआप भरून येत नाही.

माझ्या पाठीची ताकद एकदा रीतसर मोजण्यात आली. टेबलावर पालथे झोपवून माझे पाय पट्ट्यांनी आवळले आणि कमरेवरचे शरीर कडेबाहेर, आधाराशिवाय, आडव्या रेषेत धरून ठेवायला सांगितले. डेन्मार्कच्या बिअरिंग-सोरेन्सन यांच्या १९८४ च्या अभ्यासाने प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत २४० सेकंदांना थांबवतात. मी त्याच्या जवळपासही पोहोचले नाही. स्नायू थरथरू लागण्याआधीच, आता कळ येणार या धास्तीने मी हात खाली टेकले. तपासणाऱ्यांनी घड्याळ पाहून कागदावर ‘स्नायू कमकुवत’ असे लिहिले. का थांबलात, हे विचारले नाही. मीही सांगितले नाही, कारण भित्री ठरण्यापेक्षा अशक्त ठरणे मला त्या क्षणी सोयीचे वाटले. वेदना आणि तिची भीती स्नायूला पूर्ण जोर लावू देत नाहीत, त्यामुळे अशा चाचणीत नुसती ताकद मोजली जात नाही. तरीही तो शेरा मी कित्येक दिवस स्वतःच्या स्वभावावरचा शेरा म्हणून वागवला.

त्यानंतर मी नेटाने व्यायाम केला. पूर्वी उचलवत नसे ते वजन आज उचलते. दुखणे थोडे कमी झाले, गेले नाही. व्यायामाने वेदना कमी होते, पण ती ताकद वाढली त्या प्रमाणात कमी होतेच असे नाही, हे अनेक अभ्यासांत आढळले आहे.

इथे माझ्यातलीच जुनी ‘मी’ मला अडवते. त्याच ऑस्ट्रेलियन संशोधकांच्या पुढच्या पाहणीत, मल्टिफिडसचे खास व्यायाम केलेल्यांपैकी ३० टक्के लोकांना वर्षभरात पुन्हा दुखले, तर न केलेल्यांपैकी ८४ टक्के लोकांना. तेव्हा तू सबबी सांगते आहेस, असे ती म्हणते. ते रुग्ण थोडे होते आणि सगळे पहिल्यांदाच दुखणे आलेले होते, माझे दुखणे जुने आहे, असे मी तिला ऐकवते. मग जुने होईपर्यंत थांबलीस कशाला, हा तिचा पुढचा प्रश्न असतो, आणि तो तुमच्या प्रश्नापेक्षा मला अधिक झोंबतो.