तुम्ही विचारलंत म्हणून: कोरोना गेला, आता एचआरला काम काय?

चवथीला घरात माणसं जमली की कुणीतरी विचारतंच, "तू एचआरमध्ये ना गं? कोरोनात तुमची धावपळ बघितली आम्ही. आता तो गेला, मग लोकांसाठी तुम्ही करता तरी काय?" कंपनीत नवीन लागलेली मुलंही हेच विचारतात, फक्त जरा अदबीने. विचारणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा योगदिनाचे फोटो आणि ताणतणावावरची वेबिनारं असतात. टोमणा अगदीच अस्थानी नाही. ती वेबिनारं मीही भरवलीत. ऑफिसातली निम्मी मंडळी कॅमेरा बंद करून डबा खात असतात.

मी गोव्यात, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीत काम करते. औषधांचे कारखाने टाळेबंदीतही चालू होते, त्यामुळे 'घरून काम' हा प्रकार आमच्याकडे फारसा झालाच नाही. गोळ्या घरून पॅक होत नाहीत. आमची बरीच माणसं बांदा, सावंतवाडी, दोडामार्गाकडची. गोवा-महाराष्ट्र सीमेवरचा पत्रादेवीचा नाका बंद झाला तेव्हा जे अलीकडे अडकले त्यांना खोल्या बघून दिल्या, आणि जे पलीकडे राहिले त्यांच्या पगाराचं काय करायचं यावर आमच्यातच भांडणं झाली. तुम्ही बघितलीत ती धावपळ ही. ती दिसते तरी. त्यानंतरचं काम दिसत नाही, कारण ते बहुतेक फायलींत असतं.

पहिली फाईल वारसांची. 2021 च्या मे महिन्यात गोव्यात घरटी कुणी ना कुणी आजारी होतं. आमची काही माणसं गेली, आणि त्यांच्या मागे पैसे कुणाला मिळणार हा प्रश्न उभा राहिला. एक बाई आठवतात. नवरा पॅकिंगला होता. त्या आल्या त्या सासूला घेऊन, हातात कापडाच्या दुकानाची पिशवी, तीत सगळे कागद. पीएफच्या नामांकनात मुलाने नोकरीला लागताना आईचं नाव दिलेलं, लग्न झाल्यावर ते बदललंच नाही. लग्नानंतर आधीचं नामांकन रद्द धरलं जातं, हे मला ठाऊक होतं. सासूबाईंना एवढंच ठाऊक होतं की लेकाने आपलं नाव लिहिलंय. त्यात सुनेच्या आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्डावर लग्नात ठेवलेलं नाव, आणि बँकेच्या पासबुकात या दोन्हींची खिचडी. त्या दोघी टेबलाच्या एकाच बाजूला बसल्या होत्या आणि एकमेकींकडे बघत नव्हत्या.

अशा वेळी 'आम्ही तुमच्या दुःखात सहभागी आहोत' या पत्राचा काय उपयोग? उपयोग होतो तो पीएफचा फॉर्म 20, पेन्शनचा 10डी आणि 5आयएफ एका बैठकीत भरून घेण्याचा. शेवटचा ईडीएलआयचा. पीएफ असलेल्या प्रत्येकाचा हा विमा असतो, त्याचा हप्ता मालक भरतो, कामगाराच्या पगारातून काही कापलं जात नाही. म्हणूनच घरच्यांना त्याचा पत्ता नसतो. एप्रिल 2021 मध्ये त्याची कमाल रक्कम सहावरून सात लाख झाली. सलग वर्षभर नोकरी झालेली असेल तर किमान अडीच लाख. पीएफची रक्कम खात्यात आली की सगळं मिळालं असं समजून लोक गप्प बसतात. ज्यांचा पगार ईएसआयच्या, म्हणजे कामगार राज्य विम्याच्या, महिना 21,000 रुपयांच्या मर्यादेत होता, त्यांच्यासाठी कोविड मदत योजनाही होती. 24 मार्च 2020 पासून दोन वर्षांच्या काळासाठी, सरासरी मजुरीच्या 90 टक्के रक्कम आश्रितांना दरमहा, किमान 1,800 रुपये. यासाठी पॉझिटिव्ह रिपोर्ट हवा, भरलेल्या हप्त्यांचे दिवस हवेत. त्या धावपळीत रिपोर्ट जपून ठेवायचं कुणाला सुचलं होतं?

म्हणून आता आमच्याकडे लग्नाची रजा संपवून कुणी परत आलं की मिठाईचा बॉक्स माझ्या टेबलावर आणि त्याचा आधारला जोडलेला मोबाईल माझ्या हातात. ओटीपी येतो, बायकोचा फोटो चढतो, नवं नामांकन होतं. मुलं लाजतात, "मॅडम, आत्ताच?" म्हणतात. आत्ताच.

दुसरी गोष्ट कामाच्या पाळीची, म्हणजे शिफ्टची. त्या मे महिन्यात बांबोळीला गोमेकॉमध्ये, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, ऑक्सिजनचा तुटवडा पडला आणि पहाटेच्या तासांत माणसं गेली, हे गोव्यात कुणाला वेगळं सांगायला नको. आमच्याकडच्या एका ऑपरेटरचा मोठा भाऊ त्याच दिवसांत गेला. हा माणूस कामाला चोख, पण पुढे कितीतरी महिन्यांनी रात्रपाळीला दांड्या मारू लागला. सुपरवायझरने मेमो तयार करून माझ्याकडे पाठवला. मी त्याला बोलावलं तर बराच वेळ टोपीशी चाळा करत बसला आणि मग म्हणाला, "माका रात्रीची नको. दोन वाजले काय फोन वाजतासो वाटता." एवढंच.

त्याला समुपदेशनाला पाठवा, असं पुस्तकात असतं. तेही करावं. बांबोळीला मनोविकारांचं सरकारी रुग्णालय आहे, टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा नंबर आमच्या कँटीनच्या भिंतीवर आहे. पण आधी पाळी बदलली. दुसऱ्या एका मुलाला रात्रपाळीच हवी होती, दिवसा त्याला काजूच्या बागेत काम असतं. अदलाबदल झाली, मेमो फाडला. सुपरवायझर महिनाभर माझ्याशी धड बोलला नाही, कारण 'उद्या सगळेच मागतील'. मागितलं तर बघू, म्हटलं. सगळ्यांनी काही मागितलं नाही.

सुपरवायझरवर मात्र खरंच मेहनत घ्यावी लागते. माणूस बदललाय हे पहिल्यांदा त्याला दिसतं, मला शेवटी कळतं. पर्वरीची 'संगत' ही संस्था 1996 पासून मानसिक आरोग्यावर काम करते. डॉक्टर नसलेली पण नीट शिकवलेली साधी माणसंही नैराश्याच्या रुग्णांना मदत करू शकतात, हे त्यांनी गोव्यातल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत करून दाखवलंय. त्यामुळे 'हे आमचं काम नव्हे, तज्ज्ञांचं' ही सबब मला पटत नाही. सुपरवायझरने उपचार करावेत असं मी म्हणत नाही. गैरहजेरीचा मेमो काढण्याआधी "घरी सगळं ठीक ना रे?" एवढं विचारायला शिकवता येतं. एचआरला सांगितलं तर बढती अडेल, ही भीती जायला मात्र वेळ लागतो, आणि ती भीती अगदीच खोटी आहे असं छातीठोकपणे मी तरी म्हणणार नाही.

आजारातून उठलेल्यांचं थोडक्यात. ईएसआयची आजारपणाची भरपाई वर्षाला 91 दिवस, मजुरीच्या 70 टक्के. 'फिट' असं सर्टिफिकेट आणलेला माणूस मास्क आणि गाऊन घालून आठ तास उभा राहू शकेलच असं नाही. बसून तपासणी करायचं टेबल असतं, तिथे काही महिने बसवायचं. याला धोरण लागत नाही, एक खुर्ची लागते.

पैशाची झळ उशिरा दिसते. 2020 मध्ये पीएफमधून तीन महिन्यांचा मूळ पगार व महागाई भत्ता किंवा शिलकीच्या 75 टक्के, यांतली कमी असेल ती रक्कम काढायची मुभा मिळाली, पुढच्या वर्षी दुसऱ्यांदाही. परत भरायची अट नव्हती, त्यामुळे कुणी भरले नाहीत. आता मुलीच्या कॉलेजची फी आली की ते खड्डे दिसतात आणि माणूस सोनं गहाण टाकायला जातो. म्हणून बिनव्याजी अॅडव्हान्सची मर्यादा वाढवून घ्यायला मी दर बजेटला मॅनेजमेंटच्या मागे लागते. कधी मिळते, कधी नाही.

आणि ज्यांच्याविषयी तुम्ही कुणी विचारत नाही, ती कंत्राटी माणसं. त्यांचं नाव आमच्या हजेरीत नसतं, ठेकेदाराच्या असतं. पण ठेकेदाराने ईएसआयचे हप्ते भरले नाहीत तर कायद्याने ते मूळ मालकाने, म्हणजे आमच्या कंपनीने, भरायचे असतात. म्हणून हल्ली ठेकेदाराचं बिल आलं की प्रत्येक माणसाचा ईएसआय नंबर आणि चलान ताडून बघितल्याशिवाय मी सही करत नाही. महिन्याच्या सात तारखेला अकाउंट्सवाले माझ्या नावाने खडे फोडत असतात. गेल्या वेळी यादीत दोन नावं अशी निघाली की त्यांचे नंबरच काढलेले नव्हते. बिल अजून माझ्या टेबलावर आहे.