लुईजच्या गळ्यातले मोती

कालपासून एका सिनेमातली एकच गोष्ट डोक्यातून जात नाहीये. ऑपरेशन चालू होतं आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, धरू दे, या वेळी तरी कातडी धरू दे. फसवून आणलेली पोर टेबलावर पडलीये, तिच्या तोंडाची साल काढताहेत, आणि मी साकडं घालतेय तर हे!

जॉर्ज फ्रांजूचा ‘आइज विदाऊट अ फेस’. १९६० चा, कृष्णधवल, जेमतेम दीड तासाचा. मी लावला तेव्हा आईने दारातून विचारलं, “फ्रेंच म्हणजे तसला का गं?” म्हटलं, नाही, भुताचा. भूत त्यात एकही नाही. एक नावाजलेला सर्जन आहे, डॉक्टर जेनेसिए. गाडी हाच चालवत होता, अपघातात चेहरा गेला तो मुलीचा, ख्रिस्तियानचा. आता तो पॅरिसमधल्या तरुण मुली बंगल्यावर आणवतो, त्यांचा चेहरा काढतो आणि लेकीला बसवून पाहतो. लेक पांढऱ्या गुळगुळीत मुखवट्यात घरभर फिरत असते. मुखवट्याआड फक्त डोळे हलतात.

त्या ऑपरेशनला कुणी ओरडत नाही. आधी पेन्सिलीने चेहऱ्याभोवती रेघ ओढतात, शिंप्याने कापडावर खूण करावी तशी. मग त्याच रेघेवरून सुरी. डॉक्टरच्या कपाळावर घाम येतो, त्याची मदतनीस लुईज तो टिपते. शेवटी चिमट्यांनी सगळा चेहरा अलगद उचलून घेतात. म्हणे निर्मात्याने फ्रांजूला बजावलं होतं, रक्त फार नको, फ्रान्सचं सेन्सॉर अडवेल. जनावरांचे हाल नकोत, इंग्रज चिडतील. वेडा डॉक्टर नको, जर्मनांना चालणार नाही. आणि विषय काय, तर जनावरांवर प्रयोग करणारा वेडा डॉक्टर! एडिंबराच्या महोत्सवात काही प्रेक्षक बेशुद्ध पडले होते. मीही पडले असते तर बरं झालं असतं. मी घाम टिपणाऱ्या हाताकडे बघत होते आणि मला वाटत होतं, किती नीट करते ही.

ही लुईज. अलिदा वाल्लीने केलीये. डॉक्टरने कधीतरी तिचाही चेहरा दुरुस्त केलाय. राहिलेला व्रण गळ्यावर आहे, त्यावर मोत्यांचा पट्टा, कायम. तिच्यावर कुणी जबरदस्ती करत नाही. परकी, एकटी मुलगी खोली शोधत असली की ही ओळख काढते, गोड बोलते, माझ्या माहितीत एक जागा आहे म्हणते. एदना तशीच येते, स्वित्झर्लंडहून शिकायला आलेली. गाडी शहर सोडून रानात शिरते तशी एदना बावरते, लुईज शांतपणे बोलत राहते. तो आवाज माझ्या ओळखीचा आहे. कुणाचा ते लिहीत नाही.

ऑफिसातले सर म्हणालेत, “वैदेहीशी तू बोल, तुझं ऐकते ती.”

नेहमी मीच. कडू बातमी असली की मला पुढे करतात, कारण माझ्या तोंडून ती कडू लागत नाही म्हणे. बाबांच्या वेळी सर नसते तर आमचं काय झालं असतं, हे मी विसरलेले नाही. विसरू तरी कशी, दर दिवाळीला आई आठवण करून देते. इतकी वर्षं झाली, हे फिटतं कधी? कुणी एकदा हिशेब करून सांगा, मी हप्ते पाडून देते.

पण सिनेमातलं ते कातडीचं कलम मला धरायला का हवं होतं? ख्रिस्तियानची दया आली म्हणून? तिला तर कुणी विचारलंसुद्धा नाही. ती लुईजला विनवते की मला मारून टाक. तिच्या नावाने अंत्ययात्राही काढून झालीये. शवागारात बाप दुसऱ्याच मुलीचं प्रेत आपल्या लेकीचं म्हणून ओळखतो, आणि ज्याची मुलगी खरी गेलीये त्या बापाला वर ऐकवतो की तुम्हाला अजून आशा तरी आहे. ते ऐकताना मी शहारले होते. तरी अर्ध्या तासाने पुन्हा धरू दे, धरू दे. मला वाटतं, एकदा धरलं की लुईज सुटेल, असं काहीतरी होतं ते. तिचं देणं फिटेल, गाडी काढावी लागणार नाही.

धरत नाहीच. थोडे दिवस ख्रिस्तियान सुंदर दिसते, मग फोटोमागून फोटो येतात, डॉक्टर सपाट आवाजात नोंदी वाचतो, डाग पडले, कातडी मरायला लागली. पुढची मुलगी शोधा.

२००५ मध्ये फ्रान्समध्येच, अमियाँला, एका बाईवर खरंच अर्धा चेहरा बसवला. तिला कुत्र्याने फाडलं होतं. सिनेमाच्या शेवटी डॉक्टरला फाडतात तेही त्याचेच कुत्रे. पण अमियाँला चेहरा मेंदूमृत बाईचा होता आणि घरच्यांना विचारून घेतलेला. आमच्या पुण्याजवळचं ते जुनं प्रकरण तर त्याहून सोपं. टिपूच्या लोकांनी नाक कापलेला कावसजी गाडीवान, त्याच्याच कपाळाच्या कातडीने त्याला नवं नाक करून दिलं, १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने चित्रासकट छापलं. ज्याचं नाक त्याचंच कपाळ. लुईजसारख्या बाईचं तिथे कामच नव्हतं.

इथवर लिहिल्यावर मला हसू आलं. आमच्या ऑफिसात कुणी कुणाचा चेहरा काढत नाही. फार तर बदली, नाहीतर खुर्ची. आणि माझ्या गळ्यात मोती कुठले, आयकार्डाची निळी पट्टी आहे, तीही घासून भुरी झालेली. सरही काही जेनेसिए नव्हेत, त्यांना साधा स्टेपलर भरता येत नाही. ख्रिस्तियान शेवटी लुईजच्या गळ्यात, त्या मोत्यांपाशीच, सुरी खुपसते. वैदेही फार फार तर मला ग्रुपमधून काढेल. तेही चालेल.

गोड मात्र बोलणार नाही. एवढं जमतंय का बघू. तिला दुपारी खालच्या टपरीवर चहाला बोलावलंय. ती आल्याबरोबर विचारणार, कागद कधीचा तयार आहे ते तुला माहितीये का. नसेल तर तारीख सांगणार. सर विचारतील काय म्हणाली. तर म्हणेन, तुम्हीच विचारा, ती बाहेरच उभी आहे.