काका, कर्ज कशाला मोजता?

फुटबॉल क्लबचं यश मोजताना मी त्याचं कर्ज का बघतो, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. शनिवारी रात्री सोसायटीतली मुलं आमच्याकडे इंग्लंडमधल्या फुटबॉलच्या मॅच बघायला जमतात आणि दर मोसमात एकदा तरी कुणीतरी म्हणतंच, "काका, कप जिंकला ना क्लबने? मग कर्ज किती आहे, हे कशाला काढता?"

मी बँकेत कर्ज विभागात होतो. अर्ज समोर आला की आधी दोन गोष्टी बघायच्या: पैसे कशाला हवेत आणि फेडणार कशातून. क्लबकडेही मी तसाच बघतो. कर्ज आहे म्हणून क्लब वाईट, असं मी कधीच म्हटलेलं नाही. आर्सेनलने सुमारे 39 कोटी पौंड खर्चून 60 हजार प्रेक्षकांचं नवं मैदान बांधलं, 2006 मध्ये तिथं राहायला गेले आणि हप्ते सांभाळत खेळले. 2005 ते 2014 एकही कप नाही, पण युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेतली, म्हणजे चॅम्पियन्स लीगमधली जागा त्यांनी दरवर्षी राखली. मुलं त्या वर्षांना दुष्काळ म्हणतात. मला ती वर्षं मोठ्या यशाची वाटतात.

लीड्स युनायटेडची गोष्ट उलटी. 2000 च्या नोव्हेंबरात त्यांनी रिओ फर्डिनंडला 1.8 कोटी पौंडांना घेतलं. 2001 मध्ये संघ चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत होता. सगळं इंग्लंड कौतुक करत होतं. त्याच वर्षी क्लबने पुढच्या अनेक वर्षांच्या तिकीटविक्रीवर 6 कोटी पौंड उचलले. म्हणजे पेरणीच्या आधीच पीक गहाण. दरवर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये जाऊ, हे त्या हिशेबात गृहीत होतं. पण इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीत, म्हणजे प्रीमियर लीगमध्ये, 2001 मध्ये ते चौथे आले. तेव्हा जागा मिळायची ती पहिल्या तिघांना, फक्त एका गुणाने हुकली. पुढच्या वर्षी पाचवे. 2002 मध्ये फर्डिनंडला विकावं लागलं, मग एकेक करून बाकीचे गेले. 2004 मध्ये संघ खालच्या श्रेणीत, 2007 मध्ये देणी न भागल्याने प्रशासकाच्या हाती आणि थेट तिसऱ्या श्रेणीत. प्रीमियर लीगमध्ये परतायला 2020 उजाडलं. उपांत्य फेरीच्या त्या रात्रीची किंमत सोळा वर्षं प्रेक्षकांनी भरली. असा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मी सही केली नसती.

मँचेस्टर युनायटेडचं उदाहरण मुलं हमखास देतात आणि ते खरंच अवघड आहे. 2005 मध्ये ग्लेझर कुटुंबाने सुमारे 79 कोटी पौंडांना क्लब घेतला, त्यातला मोठा भाग कर्जाऊ, आणि क्लब घेण्यासाठी काढलेलं ते कर्ज क्लबच्याच माथी. तरीही 2013 पर्यंत पाच वेळा लीग जिंकली. पण त्या कर्जातून ना एक खुर्ची बसवली गेली, ना एक खेळाडू आला. व्याज मात्र क्लबच्या कमाईतून गेलं.

आणखी एक. जो क्लब खेळाडूंच्या पगारावर सगळ्यांत जास्त खर्च करतो, तो वरच्या चारांत असला तर मला ते यश वाटत नाही, तेवढं व्हायलाच हवं. पगारावर त्यांच्यापेक्षा खूप कमी खर्च करणाऱ्या लेस्टरने 2016 मध्ये लीग जिंकली तेव्हा मात्र मी उभा राहून टाळ्या वाजवल्या होत्या.

मँचेस्टरच्या उत्तरेला बरी नावाचं गाव आहे. तिथला क्लब 1885 चा. 1903 मध्ये एफए कप या इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यांनी डर्बी काउंटीला 6-0 हरवलं आणि 116 वर्षं अंतिम सामन्यात तेवढा मोठा विजय दुसऱ्या कुणाला जमला नाही. 2019 च्या मे महिन्यात मँचेस्टर सिटीने तो आकडा गाठला. त्याच वसंतात बरीच्या खेळाडूंनी थकलेल्या पगारावर खेळून चौथ्या श्रेणीत दुसरा क्रमांक आणि बढती मिळवली होती. देणी भागवायला पैसे कुठून येणार, याची खात्री मालकाला देता आली नाही. 27 ऑगस्टला लीगने बरीला काढून टाकलं, लीगमध्ये 125 वर्षं काढल्यावर.

मुलं फारच हट्टाला पेटली की मी त्यांना त्या मोसमाचा गुणतक्ता काढून दाखवतो. बरी, दुसरा क्रमांक, बढती.