लिव्हरपूलची आल्बर्ट गोदी : आधी पाणी, मग दुकाने

लिव्हरपूल शहराच्या मध्यभागातून मर्सी नदीच्या दिशेने चालत गेले, की एका मोठ्या चौकोनी जलाशयाला चहूबाजूंनी वेढून उभी असलेली विटांची पाच मजली गोदामे दिसू लागतात. 1846 साली राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स आल्बर्ट यांच्या हस्ते सुरू झालेली ही गोदी. जुन्या बंदरांना रंगरंगोटी करून त्यांची पर्यटनस्थळे करण्याच्या उद्योगाबद्दल माझ्या मनात थोडी अढी आहे. कॅफे आणि भेटवस्तूंची दुकाने इथेही पुष्कळ आहेत. ती कुठेही असतात तशीच आहेत. तरीही मी इथे ठरवले होते त्याहून बराच जास्त वेळ रेंगाळलो, कारण ही इमारत आपले मूळ काम अजून लपवत नाही.

धक्क्यावर ओतीव लोखंडाचे जाडजूड खांब आहेत आणि गोदामांच्या भिंती थेट पाण्याच्या काठावर उभ्या आहेत. जहाज आत आले की माल उघड्यावर न उतरवता सरळ वखारीत चढवता यावा, वेळ वाचावा आणि चोरीला वाव राहू नये, अशी ही रचना अभियंता जेसी हार्टली आणि वास्तुविशारद फिलिप हार्डविक यांनी केली. आगीची धास्ती एवढी होती, की गोदामांच्या सांगाड्यात लाकूड टाळून वीट, दगड आणि लोखंडच वापरले गेले. छप्परसुद्धा लोखंडी पत्र्यांचे. 1848 मध्ये तर जलदाबावर चालणारी उचलयंत्रेही आली. मात्र हे सारे सुमारे हजार टनांपर्यंतच्या शिडाच्या जहाजांच्या हिशेबाने बांधलेले होते. वाफेची जहाजे मोठी होत गेली, ती या दरवाजांतून आत येईनात, आणि इतकी मजबूत वास्तू काही दशकांतच कालबाह्य ठरू लागली. दुसऱ्या महायुद्धातील बाँबहल्ल्यांचे घावही तिने सोसले. 1972 साली गोदी अखेर बंद झाली, तेव्हा ती पाडून टाकण्याचे बेतही झाले होते.

बंद गोदीचे काय होते, हे समजण्यासाठी मर्सीची भरती-ओहोटी ध्यानात घ्यावी लागते. उधाणाच्या दिवसांत इथल्या पाण्याच्या पातळीत नऊ-दहा मीटरचा फरक पडतो. म्हणूनच गोदीला दरवाजे लावून आतले पाणी एका पातळीवर अडवून ठेवावे लागते. ही व्यवस्था सांभाळणारे कोणी उरले नाही, तेव्हा नदीने गोदीत गाळ भरला. 1981 मध्ये स्थापन झालेल्या मर्सीसाइड विकास महामंडळाने दरवाजे दुरुस्त केले, गाळ उपसला आणि गोदीत पुन्हा पाणी खेळवले. गोदामांच्या डागडुजीला खरा अर्थ आला तो त्यामुळेच, असे मला वाटते. चिखलाच्या खड्ड्याभोवती कितीही देखणी दालने उभारली असती, तरी तिथे कोण फिरकले असते? 1988 साली गोदी नव्या रूपात औपचारिकपणे खुली झाली आणि त्याच वर्षी टेट कलादालनाची शाखाही इथे सुरू झाली.

इथल्या वैभवाची दुसरी बाजूही इथेच मांडली गेली, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. 2007 साली याच गोदीतील एका इमारतीत आंतरराष्ट्रीय गुलामगिरी संग्रहालय उघडले. ब्रिटनने गुलामांचा व्यापार 1807 मध्येच बेकायदा ठरवला होता, म्हणजे ही गोदी त्यानंतरची; पण इथल्या धक्क्यांवर उतरणाऱ्या अमेरिकी कापसामागे 1865 पर्यंत गुलामांचेच श्रम होते. शिवाय ज्या कोरड्या गोद्यांमध्ये गुलामवाहू जहाजांची दुरुस्ती होत असे, त्या इथून हाकेच्या अंतरावर आहेत. आल्बर्ट गोदीची देखणी खांबांची रांग पाहून झाल्यावर पर्यटकाने तिकडे जरूर वळावे. दोन्ही मिळूनच हे बंदर समजते.

युनेस्कोने 2004 मध्ये लिव्हरपूलच्या बंदर परिसराला जागतिक वारशाचा दर्जा दिला आणि 2021 मध्ये तो काढून घेतला. वादाचे कारण आल्बर्ट गोदी नव्हती. उत्तरेकडच्या गोद्यांवरील नवे बांधकाम आणि ब्रॅमली-मूर गोदीतले फुटबॉल मैदान यांवर मुख्य आक्षेप होता. त्या गोदीतले पाणी बुजवून मैदान उभारले गेले. पडीक जागेवर काहीतरी व्हावे ही शहराची गरज मला नाकारता येत नाही. पण आल्बर्ट गोदीत ज्या पाण्यासाठी गाळ उपसला, तेच पाणी शेजारी बुजवले जावे, हे मला पटत नाही.