बाराव्या रांगेतले दादा

जुलैतली संध्याकाळ, मुंबई–नागपूर विमान. बोर्डिंग निम्मं झालं होतं आणि मी बाराव्या रांगेपाशी उभी होते. आमच्या एअरबस ए ३२० मध्ये पंखांवरची आपत्कालीन दारं इथे असतात. या रांगेत बसणाऱ्यांना दार कसं उघडायचं हे आम्ही समजावतो आणि वेळ पडली तर मदत कराल ना, असं विचारून तोंडी होकार घेतो.

"ताई, आधी जरा पाणी देता का?" खिडकीपाशी बसलेल्या दादांनी विचारलं. वय पंचेचाळीसच्या आसपास. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. तळहातावर कात्रीने कापलेला स्ट्रिपचा तुकडा होता, एका गोळीपुरता. त्यावर औषधाचं नावसुद्धा पूर्ण उरलं नव्हतं.

"कसली गोळी आहे दादा?"

"झोपेची हाय. शेजाऱ्यानं देली. म्हणे, नागपूर येईस्तोर काही समजत नाही."

अठरा वर्षं मी हे काम करतेय. विमानाला घाबरणारी माणसं रोज बघते, पण आपत्कालीन दाराशेजारी बसून झोपेची गोळी घेणारा माणूस पहिल्यांदाच समोर होता. विमानाला प्रमाणपत्र मिळण्याआधी एक चाचणी होते. निम्मी दारं बंद ठेवून, अंधारात, ९० सेकंदांत सगळे प्रवासी बाहेर पडले पाहिजेत. प्रत्येक माणूस स्वतःच्या पायांनी उठेल, असं त्यात गृहीत धरलेलं असतं.

मी त्यांना दोनच गोष्टी विचारल्या. ही गोळी तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिलीय का? नाही. याआधी कधी घेतलीय? नाही. डॉक्टरांनी नेहमीसाठी दिलेलं औषध असतं तर मी एक शब्दही बोलले नसते. ते मधेच बंद करणं धोक्याचं असतं आणि तो माझा अधिकारही नाही. ही मात्र उसनी गोळी होती. पहिल्यांदाच घेतलेल्या अशा गोळीने कोण किती गुंगेल, कोणाचा श्वास किती मंदावेल आणि कोण उलट बिथरेल, ते वर गेल्यावरच कळतं. त्यातच केबिनमधली हवा विरळ असते, जवळजवळ आठ हजार फुटांच्या डोंगरावर असावी तितकी. दिल्लीला उतरल्यावर एक बाई अर्धा तास हलवूनही नीट जाग्या होत नव्हत्या, तो प्रसंग मी विसरलेले नाही. त्यांच्याबरोबरचं लहान मूल सीटवर उभं राहून रडत होतं.

"उतरल्यावर कुठे जायचंय?"

"सरळ दवाखान्यात. मायचं उद्या सकाळी खुब्याचं ऑपरेशन हाय. रात्रीच सही पाहिजे म्हणतात. गाडीचं रिझर्वेशन भेटलं नाही, नाहीतर मी कायले चढलो असतो याच्यात?"

मी त्यांच्या शेजारी खाली उकिडवी बसले. म्हटलं, "दादा, विमान दीड तासात उतरेल, पण गोळीचा अंमल इतक्या लवकर उतरत नाही. आईपाशी जागं पोचायचंय ना तुम्हाला?"

ते बराच वेळ गोळीकडे बघत राहिले. मग तो तुकडा त्यांनी खिशात टाकला.

पहिल्या रांगेत, माझ्या जंपसीटसमोर (आम्हा कर्मचाऱ्यांची घडीची सीट), मी त्यांना जागा करून दिली. टेकऑफच्या वेळी मला बोलता येत नाही. दार कुठलं, आज्ञा कोणत्या, आधी काय करायचं, याची तेव्हा आम्ही मनात उजळणी करत असतो. म्हणून सगळं आधीच सांगून ठेवलं. पायांखालून करवत चालवल्यासारखा आवाज येईल, तो हायड्रॉलिकचा, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेचा. मग इंजिनं गरजतील. चाकं सुटली की धप्प आवाज होईल, चाकं पोटात गेली असं समजा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, थोडं वर गेल्यावर इंजिनाचा आवाज एकदम कमी होईल आणि पोटात खड्डा पडेल. विमान पडत नाहीये. चढण्यासाठी लावलेला जास्तीचा जोर पायलटने ठरल्याप्रमाणे कमी केला, एवढंच. मग समुद्रावरून वळताना एक पंख खाली जाईल, कारण आपल्याला पूर्वेला जायचंय.

घाबरलेल्या माणसाला "काही होत नाही" म्हणणं मी केव्हाच सोडलंय. त्याने त्याला आणखी एकटं वाटतं. पुढे काय होणार हे आधी सांगितलं आणि ते तसंच झालं, की त्याच्या मनाला धरायला काहीतरी मिळतं. श्वासाचंही सांगितलं: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. सोडताना घाई नको. पावलं जमिनीला टेकलेली, मुठी उघड्या.

आवाज कमी झाला तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांचे ओठ हलत होते, पाच, सहा.

अर्ध्या तासाने ढगांत हादरे सुरू झाले. पट्ट्यांचा दिवा लागला, आम्हालाही बसायला सांगितलं. दादांच्या ट्रेवर पाण्याची अर्धी बाटली होती. मी बोटाने दाखवलं, "पाण्याकडे बघा." आपल्या अंगाला वाटतं की विमान शंभर फूट कोसळलं. बाटलीतलं पाणी मात्र काठाशी जरासं कलत होतं आणि परत सपाट होत होतं. हादऱ्यांत लागतं ते बहुतेक वेळा पट्टा न बांधलेल्यांना, आणि त्यांचा पट्टा घट्ट होता. पंख तर जास्तीत जास्त अपेक्षित भाराच्या दीडपट भार पेलतील असेच बनवलेले असतात.

ते बाटलीवर नजर रोखून बसले. कपाळावर घाम होता, भीती गेली नव्हती. पण थोड्या वेळाने म्हणाले, "पुसदच्या एसटीत याच्याहून जास्त हिंदकळते."

त्या दिवसानंतर मी या विषयावर वाचायला लागले. १९९७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. विमानाची तीव्र भीती असलेल्या २८ स्त्रियांपैकी काहींना अल्प्राझोलाम हे घबराट कमी करणारं औषध आणि काहींना नुसती दिखाऊ गोळी देऊन विमानात बसवलं. औषध घेतलेल्यांना त्या दिवशी कमी भीती वाटली. आठवड्याने सगळ्या गोळीशिवाय बसल्या, तेव्हा औषध घेतलेल्यांपैकीच जास्त जणींना घबराटीचे झटके आले. वाचताना मला दादांचे हलणारे ओठ आठवले. हादऱ्यांतून ते जागेपणी गेले होते. ज्यांना ही भीती फार आहे त्यांनी प्रवासाच्या काही आठवडे आधी समुपदेशकाकडे जावं असं मला मनापासून वाटतं. टप्प्याटप्प्याने भीतीला सामोरं जाण्याची उपचारपद्धत यावर चांगली लागू पडते.

नागपूरला दार उघडलं तेव्हा बाहेर पाऊस होता. दादा पहिल्या रांगेत असूनही सगळ्यांना पुढे जाऊ देत उभे राहिले. पाय थरथरत होते, ते मला दिसत होतं. मग दाराशी आले, माझ्यापुढे हात जोडले आणि खिशातला तो स्ट्रिपचा तुकडा कचऱ्याच्या पिशवीत टाकला. तेवढ्यात फोन वाजला.

"हो गा, उतरलो," ते शिडी उतरता उतरता बोलत होते. "नाही, जागाच आहो मी. त्यायले सांग थांबा म्हणून. सही मीच करतो."