नाशिकहून धोळावीराच्या दफनभूमीकडे

गुजरातेतील कच्छमधल्या धोळावीराला जाणारे बहुतेक प्रवासी हडप्पाकालीन नगर पाहतात आणि परततात. आम्ही सहा जण मात्र नाशिकहून निघालो ते नगराच्या पश्चिमेला पसरलेल्या दफनभूमीसाठी, आणि तरीही पहिल्या दिवशी ती न पाहिल्यासारखीच पाहून आम्हाला मुक्कामी परतावे लागले, कारण वेळेचे आमचे गणित साफ चुकले होते. मागाहून जाणाऱ्यांचा तो एक दिवस वाचावा, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

या प्रवासाचे मूळ जुन्या नाशकातल्या मातीच्या गढीत आहे. १९५०-५१ साली पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी तिथे आणि संगमनेरजवळच्या जोर्वे येथे उत्खनन केले. त्याचा अहवाल आम्ही काही मित्र गेले वर्षभर रविवारी सकाळी एकत्र बसून वाचत होतो. ताम्रपाषाणकालीन जोर्वे संस्कृतीच्या लोकांची दफनाची रीत वाचताना आमची चर्चा हमखास रेंगाळत असे. नेवासे आणि इनामगाव येथे मेलेली लहान मुले तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत ठेवून राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरलेली आढळली, आणि प्रौढांची पावले घोट्यापासून तोडलेली. मृताने घर सोडून जाऊ नये, अशी त्यामागची भावना असावी, असे अभ्यासक सांगतात. दुसरीकडे धोळावीराच्या लोकांनी गावाबाहेर, कच्छच्या रणाच्या म्हणजे मिठाच्या ओसाड सपाटीच्या तोंडावर, मोठ्या कष्टाने थडगी बांधली आणि त्यांतली बरीचशी रिकामी ठेवली. हा विरोध प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहावा, असे ठरले. आमच्यातील सर्वांत वयस्कर म्हणजे माझी आत्या. "ज्यात कुणी नाहीच, ते थडगे बघायला हजार किलोमीटर जायचे?" असे तिने विचारले, आणि सर्वांत आधी पिशवीही तिनेच भरली.

प्रवास दोन दिवसांचा धरावा. आम्ही स्वतःच्या गाडीने वणी, सापुतारा, वघई, वांसदा, चिखली या मार्गाने महामार्गाला लागलो. सापुताऱ्याच्या घाटात जानेवारीच्या पहाटे धुके दाट असते, त्यामुळे लवकर निघून वेळ वाचतो हा समज सोडून द्यावा आणि घाट उजेडातच चढावा. पहिला मुक्काम अहमदाबादेत केला. दुसऱ्या दिवशी विरमगाम, ध्रांगध्रा, हळवद, माळिया करत सुरजबारीचा पूल ओलांडला की कच्छ लागते. पुढे सामखियालीहून चित्रोडमार्गे रापर. रेल्वेने जायचे असल्यास मुंबईहून भुजकडे जाणाऱ्या गाडीने भचाऊला उतरून तिथून भाड्याची गाडी करणे सोयीचे आहे. आत्याचे गुडघे लक्षात घेता आम्हीही तेच करायला हवे होते. नाशिककरांना एक वेगळी सूचना द्यावीशी वाटते: द्राक्षाचा रस मुरवून बाटलीत भरलेला जो प्रकार आपल्याकडे पाहुण्यांना अभिमानाने भेट देतात, तो घरीच ठेवावा. गुजरातेत दारूबंदी आहे आणि सीमेवर गाडी थांबवून डिकी उघडायला सांगतात.

रापरला इंधनाची टाकी पूर्ण भरून घ्यावी, रोख पैसे जवळ ठेवावेत आणि फोनमधला नकाशा आधीच उतरवून घ्यावा. रापरच्या पुढे बालासरनंतर रस्ता रणात शिरतो आणि दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत पांढरी सपाटी दिसू लागते, तिच्या पलीकडचे खडीर बेट म्हणजे धोळावीराचे ठिकाण. चांगला पाऊस झालेल्या वर्षी या सपाटीवर पाणी साचून राहते आणि त्यात रोहित पक्षी उतरतात. आम्हाला ते लांबवर गुलाबी रेघेसारखे दिसले. खावड्याकडून रण कापत थेट धोळावीराला येणारा रस्ताही आता झाला आहे. भुज पाहून येणाऱ्यांचा त्यामुळे रापर-भचाऊचा मोठा वळसा वाचतो.

नगराविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्याची माहिती सहज मिळते. स्थानिक लोक या टेकाडाला कोटडा टिंबा म्हणतात. जगत्पती जोशी यांनी १९६७-६८ च्या सुमारास हे स्थळ उजेडात आणले, रवींद्र सिंह बिष्ट यांनी १९८९ पासून २००५ पर्यंत उत्खननाचे तेरा हंगाम चालवले, आणि जुलै २०२१ मध्ये त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. सुमारे इ.स.पू. ३००० ते १५०० एवढा मोठा काळ इथे वस्ती होती. मोहेंजोदडोची ओळख भाजलेल्या विटांची, तर इथली घडीव दगडाची. उत्तरेला मानसर आणि दक्षिणेला मनहर हे दोन पावसाळी ओढे अडवून त्यांचे पाणी तटालगतच्या तलावांत वळवलेले होते. पूर्वेकडचा तलाव सुमारे ७३ मीटर लांब आहे, आणि त्याच्या पायऱ्यांवर उभे राहिले की वर्षभर पाण्याच्या टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्याकडच्या गावांची आठवण येते. बालेकिल्ल्याच्या उत्तर दरवाजालगत दहा मोठ्या चिन्हांचा जो फलक सापडला, त्याची लिपी अजून कुणाला वाचता आलेली नाही.

चूक इथेच झाली. आम्ही सकाळी नऊला पोहोचलो, आधी नगर पाहिले, तलावांपाशी भाऊजींनी शंभर तरी छायाचित्रे काढली, आणि दफनभूमीकडे वळलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. सूर्य डोक्यावर, सावली कुठेच नाही, आणि समोर पिवळट मातीचे, खुरट्या झुडपांचे एक उघडे माळरान. तिथे कबरी आहेत हे ठाऊक असूनही डोळ्यांना काही सापडेना. नगराकडे जशी बांधीव पायवाट आणि माहितीचे फलक आहेत तशी सोय इकडे फारशी नाही. जवळच्या पाण्याच्या बाटल्या तलावापाशीच संपल्या होत्या. त्यात माझ्या हौसेने सोबत घेतलेला नाशिकचा तिखट चिवडा सगळ्यांनी खाल्लेला, त्यामुळे तहान दुप्पट. वीस मिनिटांत भाच्याचे डोके दुखू लागले आणि आम्ही माघारी आलो. पहारेकऱ्याने आम्हाला सावलीत बसवले, माठातले पाणी दिले आणि दुसऱ्या दिवशी उन्हे कोवळी असताना या, मग सगळे दिसेल, असे सांगितले. हा सल्ला कोणत्याही माहितीपुस्तकात आम्हाला मिळाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी स्थळ उघडताच आम्ही नगराकडे न पाहता थेट पश्चिमेला गेलो, आणि तेच माळरान ओळखू येईना. तिरप्या उन्हात प्रत्येक दगडाला हातभर सावली होती. काल इतस्ततः पडलेले वाटलेले दगड आज ओळीत उभे होते: चार बाजूंना जमिनीत कडेवर रोवलेल्या पातळ फरश्या, त्यांच्यामध्ये माणूस आडवा मावेल एवढी जागा, म्हणजे दगडी पेटीचे थडगे. एक दिसले की शेजारचे दिसते, मग तिसरे, आणि थोड्या वेळाने पाय कुठे ठेवावा याची चिंता लागते. उत्खनन केलेल्या थडग्यांपैकी बहुतेकांत मानवी सांगाडा मिळाला नाही. मडकी मिळाली, मणी मिळाले, मृतासाठी ठेवायच्या वस्तू मिळाल्या, फक्त मृत नव्हता.

यांतला सर्वांत मोठा नमुना म्हणजे गोल उंचवट्याचे स्मारक. अशी अर्धगोलाकार स्मारके इथे सात आहेत. त्यांतल्या पहिल्याची रचना समजून घेऊन मगच तिथे जावे, नाहीतर ते मातीचे ढेकूळ वाटते. आधी खडकात एक मोठी खोली खोदली, तिच्यावर कच्च्या विटांचा गोल रचला, आणि त्या गोलाच्या आत केंद्रापासून परिघापर्यंत विटांच्या दहा भिंती घातल्या, चाकाच्या आऱ्यांसारख्या. आतल्या खोलीत मृद्भांडी, तांब्याच्या तारेत ओवलेली शंखजिऱ्याच्या मण्यांची माळ आणि सोन्याच्या पत्र्याची चेपलेली बांगडी सापडली. हाडे नाहीत. मी उत्खनन अहवालातला आराखडा आलेख-कागदावर मोठा करून नेला होता. तो जमिनीवर ठेवून उत्तर दिशा जुळवली आणि गोलाभोवती फिरत एकेका आऱ्याची जागा शोधली. वाऱ्यापावसाने विटा झिजल्या आहेत, त्यामुळे काही ठिकाणी तर्कच करावा लागला. दहापैकी सहा खात्रीने ओळखता आले, सातव्यावरून भाऊजींचा आणि माझा वाद झाला तो अजून मिटलेला नाही.

बिष्ट यांनी या रचनेचा संबंध यज्ञवेदींची मापे सांगणाऱ्या शुल्बसूत्रांतल्या चक्राकार चितीशी, म्हणजे विटांच्या वेदीशी, आणि पुढच्या काळातल्या स्तूपांशी लावला आहे. मधल्या हजार-दीड हजार वर्षांची साखळी हाती नसताना एवढी उडी घ्यायला माझे मन धजत नाही. पण आत्या त्या उंचवट्याकडे बराच वेळ पाहत उभी राहिली आणि म्हणाली, "आपल्या पांडवलेणीतल्या अठरा नंबरच्या लेण्यात असतो तसाच हा गोल, फक्त तो दगडाचा आणि हा मातीचा." नाते सिद्ध होत नाही, हे मी तिला सांगितले. तिने मान हलवली, पण नजर वळवली नाही. रिकाम्या थडग्यांविषयी आमच्यात बरेच तर्क झाले. ओमानच्या बाजूला तांब्यासाठी गेलेली माणसे परत न आल्याने त्यांच्या नावाने ही बांधली असतील, हा त्यांतला मला सर्वांत पटलेला, तरी तो आमचा तर्कच आहे.

इथे भाच्याने वाकून एक खापर उचलले. लाल रंगाचे, अंगठ्याच्या नखाएवढे, त्यावर काळी रेघ आणि एका कडेला चाकावर फिरताना कुंभाराच्या बोटाने उमटलेली बारीक खाच. पहारेकरी लांबून पाहत होता. तो जवळ आला, रागावला नाही, पण खापर ज्या जागेवरून उचलले त्याच जागी, त्याच बाजूने ठेवायला लावले, कारण जागेवरून हलवलेल्या खापराने अभ्यासकाला काहीच कळत नाही. संरक्षित स्थळावरून काहीही उचलून नेणे हा कायद्याने गुन्हा आहेच. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी त्यांना हे आधीच समजावून द्यावे, आणि उंचवट्यांवर चढून छायाचित्रे काढण्याचा मोहही आवरावा, कच्ची वीट पायाखाली भुगा होते.

संग्रहालय छोटे आहे, पण दफनभूमी पाहून झाल्यावर त्यात जावे, म्हणजे तिथल्या मण्यांकडे आणि भांड्यांकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाते. ते शुक्रवारी बंद असते, त्यानुसार दिवस ठरवावा. संक्रांतीच्या आसपासचे दोन दिवसही टाळावेत. येवल्याच्या पतंगांची सवय असलेल्या आमच्यासारख्यांनाही उत्तरायणाला गुजरातेतल्या रस्त्यांवर आडव्या येणाऱ्या मांज्याची धास्ती वाटली.

नोव्हेंबरच्या आधी जाऊ नये आणि फेब्रुवारीनंतरही नको. दिवसा टोपी लागते, रात्री स्वेटर. माणशी तीन लिटर पाणी सकाळीच गाडीत ठेवावे. मुक्कामाला गावात आणि आसपास साध्या खोल्या, भुंगे आणि तंबू मिळतात. भुंगा म्हणजे गोल, मातीच्या भिंतींचे कच्छी घर. २००१ च्या भूकंपात रापर-भचाऊकडे पक्की घरे कोसळली आणि जुन्या पद्धतीचे बरेच भुंगे टिकले, ही गोष्ट इथे प्रत्येक जण सांगतो, आणि ज्या नगराच्या उत्खननातही प्राचीन भूकंपाच्या खुणा मिळाल्या त्याच्या शेजारी झोपताना ती ऐकायला बरी वाटते. जेवणात बाजरीचा रोटला, वांग्याचा ओळो, खिचडी-कढी आणि ताक. रोटल्यावर गूळ-तूप मागितले तर कुणी नाही म्हणत नाही.

संध्याकाळी वेळ उरल्यास बेटाच्या उत्तर काठावर जाऊन ज्युरासिक काळातल्या लाकडाचे जीवाश्म पाहावेत. तिथून खाली रणात उतरताना मात्र सावध राहावे. वरचा मिठाचा थर कोरडा, पांढरा आणि भक्कम दिसतो, पण खालचा चिखल वाळलेला असेलच असे नाही. भाऊजी काठापासून तीस पावले गेले असतील, तोच थर पापडासारखा मोडला आणि उजवा पाय गुडघ्यापर्यंत काळ्या गाळात गेला. पाय निघाला, बूट निघायला पाव तास लागला. ज्या भागात गावकऱ्यांच्या पायवाटा किंवा गाड्यांच्या चाकोऱ्या दिसत नाहीत तिकडे पाऊल टाकू नये. धोर्डोचे पांढरे रण पाहण्याचा बेत असल्यास त्यासाठी वेगळा परवाना काढावा लागतो, त्याचा वेळ हिशेबात धरावा.

परतीच्या वाटेवर सामखियालीला गाडी खालून पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवून घेतली. रणातल्या रस्त्यावरचे मीठ चाकांच्या आतल्या बाजूला आणि तळाच्या पत्र्याला चिकटून राहते आणि आठवड्याभरात गंज धरते. भाऊजींचा बूट आम्ही नाशिकला आल्यावर तीन वेळा धुतला, आणि प्रत्येक वेळी वाळल्यावर त्याच्या शिवणीतून पांढरी रेघ पुन्हा बाहेर आली.